परदेशी विद्यार्थी आणि रशियाची प्रांतबोली

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे पत्र आले. ही मुलगी उत्तर रशियातील एका शहरी वैद्यकीचा अभ्यास करीत आहे. तेथे पहिली काही वर्षे इंग्रजीतून शिकवितात. परंतु इस्पितळात रोग्याच्या खाटेपाशी उभे राहण्याची वेळ आली की रशियनवाचून गत्यंतर नसते. म्हणून भाषेचा अभ्यास तिने मन लावून केला होता व परीक्षेत गुणही चांगले मिळविले होते. एके दिवशी खेड्यातून आलेल्या एका वृद्धेची हकीकत लिहून घेण्याचे काम तिजकडे आले. कंबर केव्हापासून दुखते असे विचारता म्हातारी म्हणाली, “परवा घर नांगरीत होते, तेव्हा धरली.” मुलीने पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर. तेव्हा रोगिणीच्या बुद्धीस भ्रम झाला असावा, अशी शंका तिने टिपणात लिहून ठेविली. ते टिपण पुढे एका वयस्क परिचारिकेच्या दृष्टीस पडले म्हणून बरे. ‘पाखात’ ह्या क्रियापदाचा अर्थ पुस्तकी रशियनमध्ये ‘नांगरणे’ असा आहे खरा. पण उत्तरेकडील खेड्यांत त्याचाच अर्थ ‘केर काढणे’ असा होतो. बिचारी म्हातारी घर झाडीत होती! आणि नांगरण्यास त्या बाजूला जो शब्द आहे तो ‘ओरात’. पुस्तकी भाषेत ह्याचा अर्थ ‘ओरडणे’. (ह्यावरून कोणी व्युत्पत्ती काढावयास बसू नये.) म्हणजे तिकडील एखादी गृहिणी ‘नवरा शेत नांगरतो आहे आणि मी घर झाडते आहे’ असे सरळपणे म्हणाली, तर मॉस्कोचे पुस्तक पढून गेलेल्या परदेशी माणसास नवरा शेतात ओरडत आहे व बायको घर नांगरीत आहे, असे ऐकू यावयाचे!

पत्राच्या शेवटी तिने विचारले होते, “सर, हे रशियन शिकवितात तरी कोठे?”

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेलो तेव्हा मला मौज वाटली ती ही की, चारशे वर्षांपूर्वी जे परदेशी लोक रशियन शिकले ते सारे हेच रशियन शिकले होते. त्यांस दुसरे रशियन शिकण्याची सोयच नव्हती. रशियात प्रवेश करण्याच्या वाटा त्या काळी दोन-तीनच असत आणि ज्या वाटेने मनुष्य शिरे त्या वाटेवरील गावाची बोली हीच त्याची रशियन भाषा होई. बाल्टिक समुद्रावरील जर्मन नगरांचा जो हान्झा नावाचा व्यापारी संघ होता, त्याची नोवगोरोद येथे मोठी वखार होती. ह्या संघातील व्यापारी आपल्याकडील तरुण पोरांस भाषा शिकण्याकरिता रशियन कुटुंबांत राहावयास धाडीत. तेथे ती पोरे जे बोलणे कानी पडेल ते उचलीत. भाषा येणे हे व्यापाराचे मर्मच असल्यामुळे प्रतिस्पर्धी डच लोकांस रशियन शिकता येऊ नये, असे निर्बंधदेखील ह्या संघाने घातले होते. भाषेवर मक्तेदारी सांगणाऱ्या लोकांची भाषेविषयीची आस्था, हेतू कसाही असो, पोकळ नसते.

ह्या परंपरेतली एक वही आज कोपनहेगन येथील राजकीय ग्रंथालयात जपून ठेविलेली आहे. टोन्निएस फेन्ने नावाच्या जर्मन व्यापाऱ्याची ही वही असून तिच्यावर १६०७ हे साल व प्स्कोव हे गाव आहे. एका बाजूस रशियन शब्द व वाक्ये, तीही बहुतेक लॅटिन अक्षरांत उतरविलेली, आणि त्यांच्याजवळ उत्तर जर्मनीच्या बोलीत त्यांचा अर्थ, अशी तिची रचना आहे. वहीत व्याकरणाचा उपदेश जवळजवळ नाही. मालाची प्रत, वजन, किंमत, उधारी, वायदा, वायदा मोडल्याबद्दलची तक्रार, शपथा आणि अधूनमधून म्हणी, असा सगळा बाजार तिच्यात भरला आहे. फेन्नेने ऐकले तसे लिहिले. प्स्कोवची माणसे ‘च’ व ‘त्स’ ह्या दोन ध्वनींत भेद करीत नसत; फेन्नेच्या वहीतही तो नाही. एखाद्या शाळामास्तराने ती वही तपासली असती तर तांबड्या शाईने पाने भरून काढली असती. परंतु विसाव्या शतकात, १९६१ पासून, जेव्हा रोमान याकोब्सनसारख्या भाषापंडितांच्या देखरेखीखाली ती छापून निघाली, तेव्हा जुन्या प्स्कोवची बोलती भाषा कशी होती हे सांगणारा तिच्या तोडीचा साक्षीदार मिळणे कठीण, असे दिसून आले. परदेशी शिकाऊ मनुष्याची वही ही रशियनांसच आपल्या पूर्वजांचा आवाज ऐकविणारी ठरली!

अशाच ‘चुकां’ची दुसरी एक हकीकत येथे सांगितली पाहिजे, कारण ती ह्या विषयाच्या मुळाशी जाते. १९५१ च्या जुलै महिन्यात नोवगोरोद येथे उत्खनन चालू असता भूर्जाच्या सालीवर कोरलेले एक पत्र सापडले. तेव्हापासून तेथे अशी अकराशेहून अधिक पत्रे मिळाली आहेत. त्यांत देण्याघेण्याचे हिशेब आहेत, घरगुती निरोप आहेत, आणि ओन्फीम नावाच्या एका पोराने अक्षरे गिरविता गिरविता काढलेली घोडेस्वारांची चित्रेही आहेत. ह्या पत्रांतील भाषा वाचून आरंभी पुष्कळ विद्वानांनी असा समज करून घेतला की, लिहिणारे लोक अर्धशिक्षित होते व त्यांस धड लिहिता येत नव्हते. आंद्रेय झालिझ्न्याक ह्या पंडिताने (ह्याच गृहस्थाने रशियन वाचकांकरिता संस्कृत व्याकरणाची एक सुरेख रूपरेषाही लिहिली आहे) ती पत्रे एकेक अक्षर लावून पुन्हा वाचली आणि दाखवून दिले की, ज्यांस चुका म्हणत होते त्या नियमबद्ध आहेत. नोवगोरोदची बोली ही मॉस्कोच्या भाषेचे बिघडलेले रूप नव्हे. तिला तिचे स्वतःचे व्याकरण होते. प्रांतबोली म्हणजे अशुद्ध भाषा, ही समजूत आपल्याकडील सुशिक्षितांतही इतकी खोल गेलेली आहे की हा दाखला मी वर्गात वर्षातून एकदा तरी सांगतोच.

इंग्रज लोक रशियात शिरले ते उत्तरेकडून, श्वेत समुद्राच्या वाटेने. त्यांच्यापैकी दोघांची नावे येथे घेणे अवश्य आहे. पहिला मार्क रिडली. हा वैद्य होता व १५९४ साली झार फ्योदोर ह्याच्या पदरी राहावयास गेला. सुमारे सहा हजार शब्दांचा जो रशियन-इंग्रजी कोश त्याच्या नावावर आहे, त्याच्या शीर्षकातच ‘लौकिक’ रशियन भाषा असा स्पष्ट उल्लेख असून पक्षी, मासे, वनस्पती व रोग ह्यांच्या निराळ्या याद्या त्यात दिलेल्या आहेत. रोगांची यादी! माझ्या विद्यार्थिनीला जे हवे होते ते चार शतकांपूर्वीच्या एका वैद्याने स्वतःसाठी करून ठेविले होते. हा कोश छापला गेला मात्र १९९६ साली.

दुसरा रिचर्ड जेम्स. ह्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. हा ऑक्सफर्डचा पदवीधर व पेशाने पाद्री. १६१८ साली सर डडली डिग्ज ह्याच्या वकिलातीबरोबर हा रशियात गेला. वकील अर्ध्या वाटेवरूनच परतला. जेम्स मॉस्कोपर्यंत गेला आणि पुढे परतीच्या वेळी जहाज न मिळाल्यामुळे १६१९ चा सबंध हिवाळा त्यास उत्तरेकडील खोल्मोगोरी ह्या गावी काढावा लागला. जेथे बंदर गोठलेले, दिवस अगदी आखूड आणि देशबांधव मोजके, अशा ठिकाणी अडकलेल्या विद्वानाने करावे काय? जेम्सने वही काढली. समोर जो पदार्थ येई त्याचे नाव विचारावे, ऐकावे तसे लिहून घ्यावे व पुढे त्याची माहिती जोडावी, असा त्याचा क्रम. घसरगाड्या, मासे, कातडी, बर्फाचे प्रकार, सणवार, भुतेखेते, काहीही त्यास वर्ज्य नव्हते. पाश्चात्त्य जगास ‘मॅमथ’ हा शब्द प्रथम कळतो तो ह्या वहीतून. सामोयेद लोकांच्या सांगण्यावरून जेम्सने लिहून ठेविले की, हा एक समुद्री हत्ती असून तो जमिनीखालून आपली वाट काढीत जातो आणि कोणाच्या दृष्टीस पडत नाही. अर्थ चुकला, पण शब्द आणि त्या शब्दामागची लोकसमजूत ही दोन्ही त्याने अचूक पकडली.

ह्याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे त्याच्या कागदपत्रांत असलेली सहा रशियन गीते. ही कोणा रशियन माणसाच्या हातची असून जेम्सकरिता लिहून दिलेली आहेत. रशियन लोकगीतांच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदी म्हणून आज त्यांची गणना होते. त्यांचे विषय पाहिले म्हणजे परदेशी माणसास एखाद्या राष्ट्राचे मन कसे उघडून दाखवावे ह्याचा तो नमुनाच वाटतो. बोरिस गोदुनोव ह्याची मुलगी क्सेनिया हिचा विलाप, तरुण सेनापती स्कोपिन-शूइस्की ह्याचा १६१० सालचा संशयास्पद मृत्यू, क्रिमियाच्या खानाची स्वारी. आणि त्याबरोबरच, झार मिखाईल ह्याचा पिता फिलारेत पोलंडच्या कैदेतून सुटून मॉस्कोस आला ती हकीकत. ही शेवटची घटना १६१९ सालची आहे. म्हणजे जेम्सच्या हाती ते गीत पडले तेव्हा ते शिळे झालेले नव्हते; एक प्रकारे ती बातमीच होती. रशियात नुकताच मोठा अराजकाचा काळ होऊन गेला होता. त्याचा इतिहास कोणी पंडिताने जेम्सला व्याख्यानातून सांगितला असता तर त्यास राजांची नावे कळली असती. गीतांतून त्यास कळले ते हे की, ह्या राजांच्या उलाढालीत सामान्य माणसांनी कोणाकरिता अश्रू ढाळले.

जाता जाता आपल्याकडील एका गोष्टीची आठवण होते. जेम्स रशियाच्या किनाऱ्यास लागला त्याच्या दोनच वर्षे आधी, १६१६ साली, साष्टीतील राचोल येथे दुसऱ्या एका इंग्रजाचे, फादर स्टीफन्सचे, ख्रिस्तपुराण छापले गेले होते. स्टीफन्स आयुष्यभर राहिला व ओवी रचण्याइतका ह्या मातीचा झाला. जेम्स दोन हिवाळे राहिला व वही घेऊन परतला. दोघांची योग्यता एक नव्हे. पण दोघांनीही भाषा घेतली ती ज्या गावी पाय टेकले त्या गावाच्या तोंडून. जेम्सची वही ऑक्सफर्डच्या बॉडलीयन ग्रंथालयात पडून राहिली. तिच्यातील शब्दसंग्रह बोरिस लारिन ह्यांनी सबंध संपादून लेनिनग्राड येथे प्रसिद्ध केला तो १९५९ साली.

पुढे भाषेचे व्याकरण आले. रशियन बोलीचे पहिले छापील व्याकरण ऑक्सफर्ड येथे १६९६ साली निघाले व ते लुडोल्फ नावाच्या जर्मनाने लॅटिनमध्ये लिहिलेले होते. त्याने त्या वेळची स्थिती मोठ्या मार्मिकपणे नमूद केली आहे: ह्या देशात बोलावयाचे ते रशियन व लिहावयाचे ते स्लाव. ज्यांच्या पूर्वजांनी घरात मराठी बोलून ग्रंथ संस्कृतात लिहिले, त्यांस हे निराळे समजावून देण्याची जरुरी नाही. लुडोल्फने आपल्या पुस्तकाला संवादांची जोड दिली, कारण ग्रंथांतून ही भाषा शिकता येणार नाही हे त्यास ठाऊक होते.

आणि आता इतिहासाने केलेली एक थट्टा पाहा. ज्या खोल्मोगोरीत जेम्सने आपली वही भरली, त्याच गावाजवळ १७११ साली एका दर्यावर्दी शेतकऱ्याच्या घरी मिखाईल लोमोनोसोव जन्मास आला. रशियनांचे पहिले मोठे छापील व्याकरण ह्याने १७५५ साली पूर्ण केले. १७५७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. उत्तरेची बोली त्याच्या आईची बोली. त्या बोलीत ‘ओ’ हा स्वर जसा लिहिला तसा बोलतात: दुधाला ‘मोलोको’. मॉस्कोकडे आघात नसलेला ‘ओ’ हा ‘अ’कडे झुकतो व शब्द ‘मलाको’ असा ऐकू येतो. लोमोनोसोवने दोन्ही तराजूत घातल्या आणि कौल दिला मॉस्कोच्या बाजूने. राजधानीचे महत्त्व हे तर त्याचे कारण होतेच, पण तिच्या उच्चाराची गोडी हेही त्याने कारण दिले. त्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. एवढ्या विस्तीर्ण राष्ट्रास एक प्रमाणभाषा हवी होती. तिच्यावाचून पुश्किनचे काव्य, टॉल्स्टॉयच्या कादंबऱ्या व रशियाच्या शाळा कशाच्या बळावर उभ्या राहिल्या असत्या? परंतु त्या दिवसापासून परदेशी विद्यार्थ्याची वाट बदलली. पूर्वी तो गावातून भाषेकडे जाई. आता तो भाषेतून गावाकडे जाऊ लागला, आणि बहुधा मध्येच थांबू लागला.

त्या मधल्या रस्त्यावर ज्याने पूल बांधला तो व्लादिमिर दाल हाही परदेशी बापाचाच मुलगा होता. बाप डेन्मार्कचा, वैद्य व बहुभाषी. १८१९ च्या मार्च महिन्यात नोवगोरोद प्रांतातून घसरगाडीने जात असता थंडीने कुडकुडणाऱ्या ह्या तरुण अधिकाऱ्यास धीर देण्याकरिता गाडीवानाने आभाळाकडे बोट दाखवून, ढग दाटत आहेत म्हणजे आता थंडी कमी होईल, अशा अर्थाचा एक शब्द उच्चारला. दालने तो कधी ऐकला नव्हता. त्याने गोठलेल्या बोटांनी तो टिपून घेतला व पुढे जन्मभर टिपतच राहिला. १८६३ ते १८६६ ह्या काळात चार भागांत निघालेल्या त्याच्या कोशात सुमारे दोन लाख शब्द असून कित्येकांपुढे तो कोणत्या प्रांतात चालतो ह्याचा निर्देश आहे. ‘पाखात’चा झाडण्याचा अर्थ माझ्या विद्यार्थिनीस दालने क्षणात सांगितला असता. परंतु परदेशी विद्यार्थ्याच्या हाती दाल देतो कोण?

माझ्या हाती तर कोणी दिला नाही. १९८० नंतरच्या दशकात पुण्यास मी संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकलो. त्या वेळी मॉस्कोस छापलेली पुस्तके लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांतून इतकी स्वस्त मिळत की, महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या खिशालाही ती जड वाटत नसत. पुस्तके उत्तम होती, कागद गुळगुळीत होता आणि त्यांतील सर्व माणसे मॉस्कोत किंवा लेनिनग्राडात राहत. ती सकाळी भुयारी गाडीने कामावर जात, संध्याकाळी नाटकास जात व रविवारी वस्तुसंग्रहालय पाहत. कोणाची म्हातारी खेड्यात नव्हती, कोणी ‘मोलोको’ म्हणत नव्हते, कोणाची कंबर दुखत नव्हती. १९९१ च्या अखेरीस आमचे पुस्तक संपावयाचे होते तोच पुस्तकातला देश संपला. पुस्तकापलीकडे काही ठाऊक असते तर तेव्हा आमची जी गोंधळल्यासारखी स्थिती झाली ती झाली नसती, असे मला आजही वाटते.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की, सोविएत काळातील शिक्षणतज्ज्ञांस ह्या प्रश्नाची जाण नव्हती असे मुळीच नाही. परदेशी विद्यार्थ्यांकरिता मॉस्कोस १९६० साली निराळे विश्वविद्यालय निघाले. १९६६ साली पुश्किनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रशियन भाषा-संस्थेचा पाया घातला गेला. आणि १९७३ साली वेरेश्चागिन व कोस्तोमारोव ह्या दोघांनी ‘भाषा आणि संस्कृती’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. शब्दाचा कोशातला अर्थ कळला म्हणजे शब्द कळला असे नव्हे, त्या शब्दाबरोबर त्या समाजातील माणसाच्या मनात जी माहिती व ज्या आठवणी जाग्या होतात त्याही शिकविल्या पाहिजेत, हा त्यांचा सिद्धान्त. सिद्धान्त अगदी खरा आहे. पण व्यवहारात ह्या आठवणी कोणाच्या शिकवावयाच्या, हे राजधानीत ठरे. त्याच्याही पूर्वी, १९३४ साली, साहित्यात स्थानिक शब्दांचा फार भरणा होतो म्हणून गॉर्कीने जोराचा वाद घातला होता. हा गॉर्कीही व्होल्गाकाठच्या निझ्नी नोवगोरोदचा! लोमोनोसोवप्रमाणेच ह्यालाही आपल्या गावची बोली दारात उभी करून राजधानीत शिरावे लागले.

आता ह्या प्रांतीय लेखनातून विद्यार्थ्यास असे मिळते तरी काय, ह्याचे एकच उदाहरण घेतो. श्वेत समुद्राच्या काठच्या रशियन दर्यावर्दी लोकांस पोमोर म्हणतात. बोरिस शेर्गिन ह्या अर्खांगेल्स्कच्या लेखकाने त्यांच्या कथा त्यांच्याच बोलीच्या वळणाने लिहिल्या आहेत. पोमोर लोक नैर्ऋत्येच्या वाऱ्यास ‘शेलोनिक’ म्हणतात. कोशात पाहिले तर ‘नैर्ऋत्येचा वारा’ एवढेच मिळेल व विद्यार्थी पान उलटील. पण शेलोन ही एक नदी आहे, आणि ती श्वेत समुद्राच्या आसपास कोठेही नाही. ती शेकडो मैल दूर, नोवगोरोदच्या नैर्ऋत्येस असून इल्मेन सरोवरास मिळते. नोवगोरोदच्या नावाड्यांस त्या दिशेकडून येणारा वारा तो शेलोनिक. हेच लोक पुढे उत्तरेस समुद्रकाठी जाऊन वसले. नदी मागे राहिली, वाऱ्याचे नाव बरोबर आले. नोवगोरोदचे स्वातंत्र्य मॉस्कोने १४७८ साली बुडविले, तरी पोमोरांच्या गलबतांवर नोवगोरोदचा वारा वाहतच राहिला. आग्नेयेच्या वाऱ्यास ते ‘ओबेदनिक’ म्हणतात. ‘ओबेद’ म्हणजे जेवण. जेवणवेळी सूर्य ज्या दिशेस असतो तिकडचा तो वारा. ह्यावरून हे लोक भल्या सकाळीच जेवून घेत हेही कळून येते. ईशान्येचा तो ‘पोलुनोच्निक’, मध्यरात्रीवरून. तीन शब्दांत एका समाजाचे स्थलांतर, त्याची दिनचर्या व त्याचे आकाश ही सारी आली. कोकणातल्या नावाड्यास मतलई वारा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पुण्यातल्या मुलांस मात्र सांगावे लागते, आणि सांगितले म्हणजे त्यांस प्रथमच जाणवते की आपल्यालाही आपली सगळी भाषा येत नाही.

माझे एक स्नेही बरीच वर्षे रशियन शिकवीत आले आहेत. त्यांस हे पटत नाही. ते म्हणतात, विद्यार्थी आधीच सहा विभक्त्या आणि क्रियापदांच्या पूर्ण-अपूर्ण जोड्या ह्यांनी बेजार झालेला असतो. त्याच्या माथी आणखी वाऱ्यांची नावे कशाला? शिवाय शाळा, आकाशवाणी आणि दूरदर्शन ह्यांच्या योगाने रशियन बोली झपाट्याने एकसारखी होत चालली आहे, वीस वर्षांनी तो ‘शेलोनिक’ राहणारही नाही. आक्षेपात तथ्य आहे. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यास प्रमाणभाषाच शिकविली पाहिजे व कसून शिकविली पाहिजे, ह्याविषयी माझा मतभेद नाही. परंतु मरू घातलेली बोली ज्यांच्या तोंडी असते ती माणसे म्हातारी असतात, आणि इस्पितळात येतात तीही बहुधा म्हातारीच. शिवाय प्रांतीय लेख म्हणजे केवळ प्रांतीय शब्द नव्हेत. विद्यार्थी ज्या शहरी राहणार तेथील वर्तमानपत्र, तेथील लेखकाची कथा, तेथील नदीचा इतिहास, तेथील गाणे, हे सर्व त्यात येते. मॉस्कोच्या तांबड्या चौकाचे वर्णन पाठ करून जो उरलमध्ये उतरतो, त्याला आपल्या दारापुढील पुतळा कोणाचा हे ठाऊक नसते.

माझी भीती निराळी आहे. प्रांतीय संस्कृती शिकविण्याच्या नावाखाली पोशाख, पदार्थ आणि बाहुल्या ह्यांचे प्रदर्शन मांडण्याची हल्ली चाल पडली आहे. एकात एक बसणारी ती लाकडी बाहुली प्राचीन रशियाचे चिन्ह म्हणून विकतात. तिचा जन्म मुळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा! तसेच सोपे करून दिलेल्या पाठांचे. पावेल बाझोव ह्याने उरलच्या खाणींतील कामकऱ्यांच्या तोंडच्या कथा ‘मालाकाइटची पेटी’ ह्या पुस्तकात १९३९ साली प्रसिद्ध केल्या. खाणीतले, भट्टीवरचे, दगड घासणाऱ्या कारागिरांचे शब्द त्यांत भरलेले आहेत, आणि बाझोवने स्वतःच त्यांचे अर्थ लावून दिले आहेत, कारण खुद्द रशियन वाचकासही ते कळणार नाहीत हे तो जाणून होता. परदेशीयांकरिता ह्या कथा ‘सुलभ’ करतात तेव्हा नेमके हेच शब्द गाळले जातात. मग उरते काय? हिरव्या वस्त्रातली एक जादूची बाई. तिच्यासाठी उरलपर्यंत जाण्याचे कारण नव्हते. मूळ दोन पाने टिपांसह वाचून घ्यावी. सुलभ केलेली वीस वाचू नयेत.

मराठी विद्यार्थ्याच्या नशिबाने तर असा एक प्रांतीय रशियन लेख उपलब्ध आहे की, जो आपल्याच डोंगरदऱ्यांतून फिरून गेला आहे. त्वेरचा व्यापारी आफानासी निकितिन इ. स. १४७० च्या सुमारास होर्मुझहून चौलास उतरला व तेथून जुन्नरास गेला. तो निघाला तेव्हा त्वेर हे स्वतंत्र संस्थान होते. मॉस्कोने ते १४८५ साली घेतले. पंडिताची स्लाव भाषा ह्याला साधलेली नव्हती, म्हणून तो आपल्या बोलीत लिहितो, आणि त्यात व्यापारी वाटेवर ऐकलेले तुर्की, फारसी, अरबी शब्द बेलाशक मिसळतो. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला व धर्म बदलशील तर घोडा आणि हजार मोहरा देईन, नाही तर घोडाही घेईन आणि हजार मोहराही तुजकडून वसूल करीन, असे म्हणून चार दिवसांची मुदत घातली. एका खोरासानी ख्वाजाने मध्यस्थी केली म्हणून निभावले. ही हकीकत त्याने ज्या धाबरल्या स्वरात लिहिली आहे तो कोणत्याही सुलभ पाठात उतरणार नाही. पावसाळ्याचे चार महिने, सर्वत्र झालेला चिखल, गोऱ्या माणसाकडे पाहण्यासाठी लोटणारी माणसे आणि घोड्यांस घालावयाची खिचडी हे सारे त्यात आहे. होय, खिचडीच, पंधराव्या शतकातल्या रशियन लेखात आपला शब्द रशियन प्रत्यय लावून बसला आहे. निकितिन घरी पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याच्या वह्या सोबत्यांनी मॉस्कोस नेल्या व तेथील एका दरबारी लेखकाच्या हाती दिल्या, म्हणून त्या वाचल्या. रेवदंड्यास त्याचे स्मारक आहे. किती जणांनी पाहिले आहे कोणास ठाऊक. ही भाषा जुनी व कठीण आहे हे मला मान्य आहे, आणि नवशिक्याने ती वाचू नये. पण तिसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे मी जुन्नरचे ते पान ठेवितो तेव्हा वर्गात कोणी घड्याळाकडे पाहत नाही, हा माझा अनुभव आहे.

विद्यार्थिनीस मी फार काही लिहिले नाही. दालच्या कोशातील चार-पाच पानांची प्रत, शेर्गिनची एक कथा आणि जेम्सच्या वहीची हकीकत एवढे पाठविले. चैत्रात तिचे उत्तर आले. तिने वही घातली आहे. पहिल्या पानावर ‘पाखात’ आहे व त्यापुढे त्या वृद्धेचे गाव. म्हातारी बरी होऊन घरी गेली. जाण्यापूर्वी खिडकीशी बसून ती हिला शब्द सांगत असे. वहीतली शेवटची नोंद ‘पोगोदा’ अशी आहे. हा शब्द आम्ही पुण्याच्या वर्गात पहिल्या महिन्यातच ‘हवामान’ म्हणून पाठ केला होता. पुढे तिने लिहिले आहे: येथे बाहेर पाहून ‘आज पोगोदा आहे’ असे म्हणाले तर दार लावून घ्यावयाचे, वादळ येत असते.